हिप-हॉप: उचललेलं संगीत की घडवलेलं?

तबकडीवाला

दुसऱ्या एका धाग्यावर एकाने सहज लिहून टाकलंय की हिप-हॉप म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यावर केलेली बडबड, त्यात संगीत कुठे आहे? तिथे उत्तर दिलं असतं तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतोय. आधीच सांगतो, त्यातलं 'दुसऱ्याच्या गाण्यावर' मला मान्य आहे. भांडण उरलेल्या वाक्याशी आहे.

तारीख आणि पत्ता दोन्ही सांगता येतील अशा संगीतशैली फार नाहीत. हिची तारीख ११ ऑगस्ट १९७३, पत्ता १५२० सेजविक अव्हेन्यू, ब्राँक्स, न्यूयॉर्क. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आत नवे कपडे घ्यायचे होते आणि पैसे कमी पडत होते. तिने राहत्या इमारतीतला हॉल घेतला, कार्डांवर हाताने आमंत्रणं लिहिली आणि तिकीट लावलं: मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी लावायला घरचाच माणूस, भाऊ क्लाइव्ह, वय अठरा. तोच डीजे कूल हर्क. कुटुंब मूळचं जमैकातल्या किंगस्टनचं, क्लाइव्ह १९६७ मध्ये न्यूयॉर्कला आलेला.

हर्कने नाचणाऱ्यांकडे बघून एक गोष्ट हेरली होती. गाणं चालू असताना अर्धी पोरं भिंतीला टेकून उभी असायची. मध्येच एक जागा यायची, गायक गप्प, ट्रम्पेट-सॅक्सोफोन गप्प, फक्त ड्रम आणि फार तर बेस. तेव्हा सगळे मैदानात उतरायचे. ही जागा म्हणजे ब्रेक. दुखणं एवढंच की ती काही सेकंदांत संपायची. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच ब्रेक सुरू करायचा आणि तेवढ्यात पहिलीची सुई मागे न्यायची. असा तो ब्रेक पाच-पाच मिनिटं लांबवता येई. जोडीला माइकवर कोक ला रॉक हा मित्र, हजर असलेल्यांची नावं घेत, यमकं जुळवत.

रेकॉर्डवरची लेबलं हर्क पाण्यात भिजवून काढून टाकायचा, म्हणजे शेजारच्या डीजेला गाण्याचं नाव कळू नये. ही जमैकातल्या साउंड सिस्टिमवाल्यांची, म्हणजे मोठे स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्यांची, जुनी चाल, वडिलांनी सांगितलेली. म्हणजे ज्या कलेवर चोरीचा आरोप आहे तिचा पहिला उस्ताद स्वतःचा शोध चोरीला जाऊ नये म्हणून दुसऱ्यांची नावं पुसत होता!

त्याची हुकमी तबकडी म्हणजे इन्क्रेडिबल बाँगो बँडची 'अपाचे', १९७३. आता हिची कुंडली बघा. धून लिहिली जेरी लॉर्डन या इंग्रजाने. १९६० मध्ये ती गाजवली द शॅडोज या ब्रिटिश बँडने. मग मायकेल व्हाइनर या अमेरिकन निर्मात्याने स्टुडिओतले रोजंदारीचे वादक जमवून ती परत केली. ड्रम जिम गॉर्डनचे, बाँगो बहामाच्या किंग एरिसनचे. त्या बँडला बाजारात फारसं कुणी विचारलं नाही. ब्राँक्समध्ये मात्र ही तबकडी लागल्याशिवाय पार्टी व्हायची नाही. मग ब्राँक्सच्या पोरांनी चोरली असं म्हणायचं तर कुणाची?

शिवडी_लोकल

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खडूस_काका

माहिती छान दिलीत. पण दोन तबकड्या मागेपुढे करणं याला वादन कसं म्हणायचं ते काही सांगितलं नाहीत. आमच्या चौकात गणपतीला येणारा डीजेवालासुद्धा तेच करतो आणि वर पैसे घेतो. तबल्यावर हात बसायला वर्षं जातात हो.

मृदंगी

काका, मी स्वतः पखवाज शिकलेय, म्हणून बोलायचा थोडा हक्क सांगते.

हर्क सुई अंदाजाने टाकायचा. कधी ठेक्यात पडायची, कधी नाही, आणि पोरं ते चालवून घ्यायची. ते न चालवून घेणारा माणूस म्हणजे जोसेफ सॅडलर, ग्रँडमास्टर फ्लॅश. जन्म बार्बाडोसचा, वाढला ब्राँक्समध्ये, व्होकेशनल शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. याने तबकडीवर रंगीत खडूने खूण केली. ब्रेक जिथे सुरू होतो तिथे रेघ. ती रेघ घड्याळाच्या काट्यासारखी फिरताना मोजायची, इतके फेरे मागे फिरवले की सुई बरोबर पहिल्या ठोक्यावर. पुढे येणारा ठोका आधी स्वतःच्या कानात ऐकता यावा म्हणून हेडफोनला स्विच जोडून घेतला, तोही स्वतः बनवलेला.

आणि मुख्य म्हणजे त्याने तबकडीवर चक्क बोटं ठेवली. त्या काळात रेकॉर्डला बोट लावणं म्हणजे पाप. खाली टर्नटेबल फिरत राहावं आणि वर तबकडी हाताने धरून ठेवता यावी, यासाठी मध्ये काहीतरी निसरडं हवं होतं. कंपनीचं रबर काढून त्याने नमद्याच्या कापडाची चकती कापली आणि ती कडक राहावी म्हणून कपड्यांना मारतात तो स्टार्चचा फवारा मारून इस्त्री केली. आज जगभरचे डीजे जी स्लिपमॅट वापरतात ती हीच.

दोन तबकड्यांवरून, चालू गर्दीत, दर काही सेकंदांनी न चुकता समेवर यायचं. काका, हे रियाजाशिवाय होत नाही. चौकातल्या माणसाला एकदा करून दाखवायला सांगा.

स्क्रॅच राहिलंच. फ्लॅशचा एक जोडीदार होता मीन जीन. त्याचा धाकटा भाऊ थिओडोर, तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा. साधारण १९७५ची गोष्ट. घरी मोठ्याने गाणी लावून बसला होता, आई दार ठोठावून ओरडायला लागली, याने तबकडी हाताने दाबून धरली आणि आईचं बोलणं संपेपर्यंत नकळत मागेपुढे करत राहिला. हेडफोनमध्ये जो खर्रखर्र आवाज आला तो आवडला. पुढे घासून घासून त्याचं वादनच केलं. ग्रँड विझर्ड थिओडोर हे त्याचं नाव.

न्यूजर्सीकर

तबकडीवाले, लेख उत्तम, पण ब्राँक्स कसं होतं हे आलं नाही, आणि ते आल्याशिवाय ही पोरं इमारतीच्या हॉलमध्ये आणि बागेत पार्ट्या का करत होती ते कळत नाही.

रॉबर्ट मोझेस या नगररचनेच्या बादशहाने १९४८ पासून ब्राँक्सच्या नांदत्या वस्त्यांच्या मधोमध क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे काढला. हजारो कुटुंबं उठली. ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले, उरले ते बहुतेक काळे आणि पोर्टो रिकन भाडेकरू. बँका त्या भागाला कर्ज देईनात. भाड्यापेक्षा विम्याचे पैसे जास्त मिळतात हे लक्षात आल्यावर काही घरमालकांनी आपल्याच इमारती पेटवून दिल्या. त्याच सुमारास महापालिकेने खर्च वाचवायला अग्निशमन केंद्रं बंद केली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधले जनगणनेचे सात विभाग असे होते, जिथल्या ९७ टक्क्यांहून जास्त इमारती आगीत किंवा ओसाड पडून गेल्या. १९७५ मध्ये तर न्यूयॉर्क शहरच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं.

मॅनहॅटनच्या डिस्कोत जायला पैसे आणि कपडे लागत. तिथे यांना दारातच अडवलं असतं. म्हणून बागेतल्या विजेच्या खांबातून तार ओढून पार्ट्या व्हायच्या. (हो, तीही चोरीच. काकांनी नोंद घ्यावी.)

आणि हिप-हॉपमधली मोठी चोरी ब्राँक्सबाहेर, आमच्या न्यू जर्सीत झाली! १९७९. एंगलवूड गावी सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंची शुगर हिल रेकॉर्ड्स नावाची कंपनी. त्यांनी तीन होतकरू तरुण गोळा केले, त्यातला बिग बँक हँक पिझ्झाच्या दुकानात कामाला. 'रॅपर्स डिलाइट' निघालं, जवळजवळ साडेचौदा मिनिटांचं, आणि जगाला रॅप माहीत झालं. हँकने म्हटलेल्या ओळी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर केझ या रॅपरच्या वहीतल्या. इतक्या जशाच्या तशा की केझने स्वतःच्या टोपणनावाची अक्षरं एकेक करून सांगितली होती, तीही हँकने तशीच सांगून टाकली. केझला ना नाव ना पैसा. खालचं संगीत शीक बँडच्या 'गुड टाइम्स'वरून स्टुडिओतल्या वादकांनी वाजवलेलं. शीकच्या नाइल रॉजर्सने कोर्टात जायची धमकी दिल्यावर त्याचं आणि बर्नार्ड एडवर्ड्सचं नाव लागलं. वकील परवडणाऱ्याचं नाव लागलं, केझचं राहिलं.

कोकणकन्या

सुंदर धागा. वाचताना राहून राहून आपले सवाल-जवाब आणि भेदिक शाहिरी आठवत होती. भर फडात समोरच्याला यमकात निरुत्तर करायचं, हेच तर रॅपच्या बॅटलमध्ये होतं.

तबकडीवाला

कोकणकन्या, गंमत सारखी आहे, नातं मात्र नाही. हर्ककडे ते जमैकातल्या टोस्टिंगमधून, म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर बोलत जायच्या पद्धतीतून आलं, ब्राँक्सच्या पोरांकडे काळ्यांच्या रेडिओवरच्या बडबड्या निवेदकांकडून आणि 'डझन्स' नावाच्या, एकमेकांची आई-बाई काढायच्या खेळातून. आता कुणीतरी येऊन हिप-हॉप मूळचं सातारा जिल्ह्यातलं असं सिद्ध करायच्या आत पुढे सरकतो.

रात्रपाळी

मी बीट, म्हणजे रॅपच्या खालचं संगीत, बनवतो, घरात, शेजारी झोपल्यावर. तांत्रिक बाजू मी मांडतो.

ऐंशीच्या दशकात तबकडीची जागा सॅम्पलरने घेतली. आवाजाचा तुकडा यंत्रात घ्यायचा आणि बटणावर बोट मारून वाजवायचा. १९८७ मध्ये ईम्यू कंपनीचं एसपी-१२०० आलं. त्यात सगळे तुकडे मिळून जागा होती फक्त १० सेकंदांची, आणि एक तुकडा जास्तीत जास्त अडीच सेकंदांचा. यात अख्खं गाणं बसवायचं! मग लोकांनी काय करावं? ३३च्या वेगाची एलपी ४५च्या वेगाने पळवत आत घेतली, म्हणजे तुकडा कमी वेळात मावला. आत गेल्यावर त्याचा सूर खाली ओढून परत मूळ वेगावर आणला. या उपद्व्यापात आवाज खरवडला जायचा, खाली दाणेदार घरघर राहायची. तीच घरघर नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्क रॅपची ओळख झाली. आज मी लॅपटॉपवर पैसे मोजून प्लगिन घेतो, कशासाठी, तर तसाच खराब आवाज यावा म्हणून.

आणि काका, अडीच सेकंदांचा तुकडा कुठून कापायचा, कुठला ठोका किंचित उशिरा टाकायचा, हे कळायला कान लागतो. पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या मागे जी बॉम्ब स्क्वाड नावाची मंडळी होती, ती एकावर एक इतके तुकडे रचायची की मूळ गाणी ओळखू येईनात, आणि सगळं मिळून सायरन वाजतायत असं वाटायचं.

खडूस_काका

मृदंगी ताई, रात्रपाळी, मेहनत आहे हे मान्य. कौशल्य आहे हेही मान्य. पण घरफोडी करणाऱ्यालाही कौशल्य लागतं. ज्याने मूळ ड्रम वाजवला त्याला काय मिळालं, हे तुमच्यापैकी कुणीच सांगत नाहीये.

तबकडीवाला

काका, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. याच्यासाठीच धागा काढला होता.

१९६९ मध्ये द विन्स्टन्स या बँडची एक रेकॉर्ड आली. पुढच्या बाजूच्या 'कलर हिम फादर'ला ग्रॅमी मिळालं. मागच्या बाजूला जागा भरायला 'अमेन, ब्रदर' नावाचं वाद्यसंगीत टाकलं होतं. त्यात मध्येच ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा वाजवतो, चार आवर्तनं, सहा-सात सेकंद. १९८६ मध्ये 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' नावाच्या, डीजेंसाठी ब्रेक असलेली गाणी गोळा करणाऱ्या मालिकेत ते आलं आणि तिथून सॅम्पलरांत शिरलं. एनडब्ल्यूए या रॅप गटाच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'मध्ये तेच. इंग्लंडमध्ये तर त्या सात सेकंदांना वेग देऊन, तुकडे करून जंगल आणि ड्रम-अँड-बेस या अख्ख्या शैली उभ्या राहिल्या. हजारो गाण्यांत ते वाजलंय. कोलमन २००६ मध्ये अटलांटात वारला, बेघर अवस्थेत. त्याला एक पैसा मिळाला नव्हता.

क्लाइड स्टबलफील्डची गोष्ट वेगळी नाही. गायक जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला तो ठेका त्याचा. मालकी आणि श्रेय जेम्स ब्राउनचं.

आता कायद्याकडे वळू. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरवर खटला झाला, गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरल्याबद्दल. न्यायमूर्ती केव्हिन डफींनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली, अल्बमची विक्री थांबवली आणि फौजदारी कारवाईसाठी प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवलं. (बिझ मार्कीने पुढच्या अल्बमचं नाव ठेवलं 'ऑल सॅम्पल्स क्लीअर्ड!'. उद्गारचिन्हासकट.) त्यानंतर दर तुकड्याला आधी परवानगी, आधी पैसे. पब्लिक एनिमीसारखं तुकड्यांचं रचकाम मोठ्या कंपन्यांसाठी परवडेनासं झालं. डे ला सोल या रॅप गटाचा १९८९चा पहिला अल्बम याच गुंत्यात अडकून स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडलं. त्यांच्यातला डेव्ह जोलिकर काहीच आठवडे आधी, फेब्रुवारीत गेला.

पण हे परवानगीचे पैसे कुणाकडे गेले? ज्याच्या नावावर गाणं लिहिलेलं आणि ज्याच्या नावावर ध्वनिमुद्रण, त्याच्याकडे. ड्रमर रोजंदारीचा. निकालाआधी स्टबलफील्डला काही मिळत नव्हतं, निकालानंतरही नाही. हिप-हॉपने त्याला लुटलं म्हणता, पण त्याचा हात ज्या दिवशी दुसऱ्याच्या मालकीचा झाला तेव्हा सॅम्पलर बाजारात यायचा होता. माझं म्हणणं एवढंच आहे की चोरी सेजविक अव्हेन्यूवर शोधायच्या आधी रेकॉर्ड कंपनीच्या करारात शोधा.

खडूस_काका

हे म्हणजे 'आमच्या आधीही चोर होते' असं झालं. पण ठीक. करारातली गोष्ट पटली. कोलमनच्या घरच्यांना नंतर तरी काही?

तबकडीवाला

२०१५ मध्ये दोन ब्रिटिश डीजेंनी लोकवर्गणी काढली, २४,००० पाउंड जमले. ते बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सरला गेले, हक्क त्याच्या नावावर होते. त्यानेही तोवर दमडी पाहिली नव्हती. कोलमनला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

मृदंगी

करारांवरून आठवलं, यात आपल्या घरचं एक प्रकरण आहे. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' अमेरिकेत पहिल्या दहात गेलं. निर्माता डीजे क्विक, कंपनी डॉक्टर ड्रे या रॅपर-निर्मात्याची. त्यात लताबाईंचा आवाज, बराच वेळ. 'थोडा रेशम लगता है', १९८१च्या 'ज्योती' चित्रपटातलं, संगीत बप्पी लाहिरींचं. परवानगी घेतली नव्हती. सारेगामाने ५० कोटी डॉलरचा दावा लावला, आणि लॉस एंजेलिसच्या कोर्टाने लाहिरींचं नाव छापल्याशिवाय सीडी विकू नका असा मनाई हुकूम दिला.

भांडले कोण? संगीतकार आणि कंपनी. ज्या गळ्यासाठी क्विकने तो तुकडा उचलला ती गायिका या खटल्यात कुठेच नाही. आणि गायकाला रॉयल्टी हवी म्हणून साठच्या दशकाच्या सुरुवातीला निर्मात्यांशी भांडल्या त्या लताबाईच! रफीसाहेबांचं मत पडलं की मानधन मिळालं, विषय संपला. यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गायचं सोडलं होतं. गायकांना रॉयल्टीचा हक्क भारतीय कायद्यात आला २०१२च्या दुरुस्तीत. तबकडीवाल्यांच्या ड्रमरची हीच कथा आहे, फक्त इथे माणूस इतका मोठा आहे की गोष्ट दिसते.

रात्रपाळी

अवांतर: त्याच वर्षी एरिक सर्मन आणि रेडमन या रॅपरांचं 'रिअ‍ॅक्ट' आलं. त्यात १९६३च्या 'ताजमहल'मधल्या 'चाँदी का बदन'मधली एक ओळ उचललीय. आत्महत्येचीच हौस असेल तर कुणी काय करावं, अशा अर्थाची. त्यावर रॅपर ऐटीत म्हणतो, ती जे काही म्हणाली, तो मी! हसून हसून वाट लागली होती.

शिवडी_लोकल

आता मी जरा लांब लिहितो.

मुंबईत हे सगळं पोचलं ते तबकडी न बघितलेल्या पोरांकडे. कुर्ल्याच्या नेझीने २०१४चं 'आफत' आयपॅडवर केलं, रेकॉर्डिंगही त्यावर, शूटिंगही त्यावर, खाली इंटरनेटवरून घेतलेली बीट. धारावीत डोपॅडेलिक्झची पोरं हिंदी, मराठी, तमिळ मिसळून म्हणतात. पण वरच्या वादात बसणारं उदाहरण स्वदेसी या गटाचं आहे, ज्यात एमसी मवाली मराठीत म्हणतो. २०१९ मध्ये आरेच्या जंगलातल्या झाडतोडीवरून त्यांनी 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्यातलं वारली गाणं जुन्या टेपवरून उचललं नाही. आरेतल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर स्वतः गायले, व्हिडिओत आहेत, आणि गाण्याच्या नावापुढे त्यांचं नाव आहे. त्यांच्या आवाजाखाली बेस येतो तेव्हा शेजारची खिडकी हलते.

तुकडा घेताना माणूसही घ्यावा, असं करता येतं. एवढंच.

न्यूजर्सीकर

+१. फक्त एक. मेलेल्या माणसाच्या तबकडीचं काय करायचं? रात्रपाळीने चोरबाजारातून १९७०ची एलपी आणली, मुखपृष्ठावर ढोलकीवाल्याचं नाव नाही, कंपनी बुडालेली. कुणाला विचारणार?

रात्रपाळी

हे रोजचं दुखणं आहे. आपल्याकडच्या जुन्या मुखपृष्ठांवर संगीतकार असतो, गीतकार असतो, गायक असतो, बाकी शून्य. मी दोन तबकड्यांवरचे ढोलकीचे तुकडे कापून ठेवलेत, बाहेर काढलेले नाहीत. कुणाला अशा वादकांची नावं शोधायचा मार्ग माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मनापासून सांगतोय.

मृदंगी

माझ्या गुरूंना विचारते. त्या पिढीतले साथीदार कोण कुठे वाजवायचे हे त्यांना तोंडपाठ आहे. तबकड्यांचे फोटो पाठवा.

खडूस_काका

बरं, आता एवढं वाचलंय तर ऐकायचं काय ते सांगा. शिवीगाळ नको. घरात नातवंडं आहेत.

तबकडीवाला

काका, आधी मूळ माल ऐका, त्यात शब्दच नाहीत. 'अमेन, ब्रदर' लावा आणि १ मिनिट २६ सेकंदांवर कान द्या. मग 'अपाचे'ची सुरुवात. मग 'फंकी ड्रमर', धीर धरून, ब्रेक बराच उशिरा येतो. हे झालं की १९८२चं 'द मेसेज'. नाव फ्लॅशच्या गटाचं, पण त्यात फ्लॅशचं वादन नाही. ते मेली मेल आणि ड्यूक बूटी या दोघांचं काम आहे. इथेही नावाची भानगड आहेच. नातवंडांपासून डे ला सोल लपवायची गरज नाही. एनडब्ल्यूए मात्र हेडफोनवर.

खडूस_काका

१ मिनिट २६ ऐकलं. चारदा. पोरगा तिसऱ्या आवर्तनानंतर एक ठोका मुद्दाम मागे ठेवतो. मृदंगी ताई, ऐकून सांगा, मला भास होतोय का?

मृदंगी

नाही काका. शेवटच्या आवर्तनात तो ठोका खरंच सरकतो. म्हणूनच हजारो लोकांनी तोच तुकडा उचलला.